रेल्वे अनुकारकातील वाहनांची जोडणी

संगणकाच्या पडद्यावर रेल्वेगाडी चालविण्याचा अनुभव देणाऱ्या आज्ञावलीस रेल्वे अनुकारक म्हणतात. व्यवहारात तिला ट्रेन सिम्युलेटर हे नाव रूढ आहे. अशा अनुकारकात मूळ निर्मात्याने दिलेल्या गाड्यांखेरीज हौशी लोकांनी स्वतः रचलेली एंजिने, प्रवासी डबे व वाघिणीही चालविता येतात. ही स्वरचित वाहने एकमेकांस आणि इतरांनी रचलेल्या वाहनांस योग्य अंतरावर, योग्य बलाने व न तुटता जोडली जाणे, हा या निर्मितीतील कळीचा भाग होय. वाहनाची बाह्य आकृती कितीही हुबेहूब असली, तरी जोडणी बिघडलेली असेल तर डबे एकमेकांत घुसलेले दिसतात, त्यांच्यामध्ये पोकळी राहते, गाडी सुटताच तुटते किंवा उभी असतानाच थरथरू लागते. एकट्या डब्याची गाडी होत नाही. जोडणीमुळेच डब्यांची गाडी बनते. त्यामुळे या विषयाचे मूळ प्रत्यक्ष रेल्वेतील कपलिंगच्या इतिहासात व यंत्रशास्त्रात शोधावे लागते.

प्रत्यक्ष रेल्वेतील जोडणी : आरंभीच्या काळात डबे साध्या साखळ्यांनी जोडीत. साखळी ढिली असल्याने गाडी सुटताना व थांबताना डब्यांना धक्के बसत. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे हेन्‍री बूथ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात स्क्रू कपलिंग प्रचारात आणले. यात दोन कड्यांमधील स्क्रू फिरवून दोन्ही डबे जवळ ओढले जातात व त्यांचे बफर एकमेकांवर दाबून राहतात. या रचनेत ओढण्याचे बल मधला आकडा पेलतो, तर ढकलण्याचे बल दोन्ही बाजूंचे बफर पेलतात. युरोपातील आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या मानकानुसार सर्वसाधारण स्क्रू कपलिंगने किमान ८५० किलोन्यूटन ताण सहन करावा, अशी अपेक्षा असते.

अमेरिकेत डबे जोडणाऱ्या कामगाराला दोन डब्यांच्या मध्ये उभे राहून हाताने कडी व खिळा बसवावा लागे. या कामात असंख्य कामगारांची बोटे व हात चिरडले आणि अनेकांचे प्राण गेले. ईलाय जॅनी यांनी १८७३ मध्ये मिटलेल्या मुठीसारख्या आकाराच्या स्वयंचलित कपलिंगचे एकस्व घेतले. दोन डबे हळू एकमेकांवर आणताच त्याचे दोन्ही अर्धे भाग आपोआप एकमेकांत अडकतात. १८९३ च्या सुरक्षा साधन अधिनियमाने अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांवर स्वयंचलित कपलिंगची सक्ती झाली. जपानने तर १९२५ च्या जुलैमध्ये देशातील वाहनांचे कपलिंग जवळजवळ एकाच वेळी बदलून घेतले. कारण अर्धी वाहने जुन्या व अर्धी नव्या पद्धतीची राहिली असती, तर ती एकमेकांना जोडता आली नसती.

भारतात दोन्ही पद्धती आढळतात. चेन्नईतील पेरांबूर येथील कारखान्यात बनलेल्या जुन्या धाटणीच्या प्रवासी डब्यांना (आयसीएफ डबे) मुख्यत्वे बाजूचे बफर व स्क्रू कपलिंग असे. या डब्यांचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. मूळ जर्मन रचनेवरून घेतलेल्या एलएचबी डब्यांना मधोमध बसविलेले स्वयंचलित कपलिंग असते. त्यास रेल्वेच्या परिभाषेत सेंटर बफर कपलर किंवा सीबीसी म्हणतात. बॉक्सएन प्रकारच्या वाघिणींनाही सीबीसीच असते. दोन भिन्न प्रकारची वाहने जोडावयाची असतील, तर दोहोंशी जुळणारे संक्रमण कपलिंग वापरावे लागते. १९३० मध्ये सुरू झालेल्या मुंबई-पुणे ‘दख्खनची राणी’ या गाडीला २०२२ मध्ये एलएचबी डबे मिळाले. त्यामुळे अनुकारकात ही गाडी रचणाऱ्यास ती कोणत्या काळातील आहे, हे आधी ठरवावे लागते. त्यावरच कपलिंगचा प्रकार व डब्याची लांबी अवलंबून असते.

अनुकारकांचा विकास : सामान्य संगणकावर चालणारे व वापरणाऱ्यास स्वतःची वाहने घालू देणारे अनुकारक २००१ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर प्रचारात आले. त्या वर्षी कुजू एंटरटेनमेंट या ब्रिटिश संस्थेने तयार केलेला ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ बाजारात आला. त्यात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रिया व जपान या देशांतील एकूण सहा मार्ग होते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील ऑरन या संस्थेने ‘ट्रेन्झ’ हा अनुकारक आणला. कुजूनेच पुढे २००७ मध्ये ‘रेल सिम्युलेटर’ तयार केला व त्याचे २००९ मध्ये ‘रेलवर्क्स’ मध्ये रूपांतर झाले. मायक्रोसॉफ्टच्या अनुकारकासाठी जगभरच्या हौशी लोकांनी रचलेली वाहने व मार्ग वापरता यावेत, म्हणून स्वयंसेवकांनी ‘ओपन रेल्स’ ही मुक्त आज्ञावली विकसित केली. तिची १·० ही आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या फाइली वाचण्याची तिची क्षमता असल्याने वीस वर्षांपूर्वी रचलेले डबेही तिच्यात चालू शकतात. पुढील विवेचन मुख्यतः या परंपरेतील फाइलींना धरून केले आहे. त्यातील तत्त्वे मात्र सर्व अनुकारकांना लागू पडतात.

वाहनाची अंगे : अनुकारकातील एक वाहन अनेक फाइलींचे मिळून बनलेले असते. त्रिमितीय आकृतीची एक फाइल असते. तिच्या सोबतच्या लहान फाइलीत आकृतीभोवतीच्या काल्पनिक चौकोनी पेटीची, म्हणजे सीमापेटीची, मापे असतात. तिसऱ्या फाइलीत वाहनाचे भौतिक गुणधर्म असतात. एंजिनासाठी हिला ‘एंग’ आणि डब्यासाठी वा वाघिणीसाठी ‘वॅग’ फाइल म्हणतात. गाडीत कोणती वाहने कोणत्या क्रमाने व कोणत्या दिशेस तोंड करून आहेत, याची नोंद ‘कॉन’ या वेगळ्या फाइलीत असते. या फाइली साध्या मजकुराच्या असल्याने सामान्य लेखन-आज्ञावलीत उघडून बदलता येतात. मात्र मूळ अनुकारकासाठी त्या युनिकोड स्वरूपातच साठवाव्या लागतात. अन्य स्वरूपात साठविलेली फाइल वाचली जात नाही आणि वाहन यादीतून नाहीसे होते. हा दोष जोडणीचा नसला, तरी जोडणी सुधारण्याच्या प्रयत्नातच तो बहुधा उद्‌भवतो.

भौतिक गुणधर्मांच्या फाइलीत जोडणीच्या दृष्टीने पुढील नोंदी महत्त्वाच्या असतात : वाहनाची रुंदी, उंची व लांबी, वस्तुमान, कपलिंगचा प्रकार, म्हणजे स्वयंचलित, साखळीचे वा दांड्याचे, कपलिंगच्या स्प्रिंगची ताठरता, अवमंदन, भंगबल आणि ढिलाई ठरविणारे अंतर, बफरची ताठरता व अवमंदन, आणि ब्रेकची पद्धत. एंजिनासारख्या वाहनाला पुढे व मागे स्वतंत्र कपलिंग असू शकते. म्हणून कपलिंगचा विभाग दोनदा लिहिण्याची सोय असते.

लांबी व सीमापेटी : जोडणीतील बहुतेक दोषांचे मूळ लांबीच्या नोंदीत असते. आज्ञावली डब्याची आकृती पाहत नाही, ती नोंदलेला आकडा वाचते. दोन डब्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर हे त्यांच्या नोंदलेल्या लांबींच्या निम्म्यांची बेरीज व कपलिंगचे अंतर यांवरून ठरते. म्हणून नोंदावयाची लांबी ही डब्याच्या पेटीची नसून जोडणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची असावी लागते.

उदा., आयसीएफ डब्याच्या पेटीची लांबी २१·३३७ मी. असते, तर बफरच्या टोकापासून टोकापर्यंत ती २२·२९७ मी. भरते. दोहोंतील फरक ०·९६० मी. आहे, म्हणजे प्रत्येक टोकास बफर ४८ सेंमी. पुढे आलेला असतो. रचनाकाराने चुकून पेटीची लांबी नोंदली व कपलिंगचे अंतर शून्य ठेवले, तर लगतच्या डब्यांचे बफर एकमेकांत ९६ सेंमी. घुसतात आणि दोन डब्यांच्या भिंती एकमेकींना टेकतात. वीस डब्यांच्या गाडीत १९ सांधे असतात. त्यामुळे पहिल्या व शेवटच्या डब्यांमधील अंतर १८·२४ मी. ने कमी होते. अशी गाडी फलाटावरील खुणेशी थांबविली, तर तिचे शेवटचे दार नियोजित जागेच्या पुष्कळ पुढे येते. एलएचबी डब्याची पेटी २३·५४० मी. व कपलिंगच्या टोकांमधील लांबी २४·००० मी. असते. येथे फरक ४६ सेंमी. च असल्याने चूक सहजी नजरेस येत नाही. म्हणून ती अधिक काळ टिकते. बॉक्सएन वाघिणीची कपलिंगसह लांबी १०·७१३ मी. आहे.

भिन्न लांबीची वाहने जोडताना प्रत्येकाची निम्मी लांबी घेतली जाते. आयसीएफ व एलएचबी डबा एकापुढे एक ठेवल्यास त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर (२२·२९७ + २४·०००) ÷ २ = २३·१४८५ मी. येते. हे गणित आज्ञावली निमूटपणे करते. परंतु प्रत्यक्षात हे दोन डबे संक्रमण कपलिंगशिवाय जोडता येत नाहीत, हे तिला ठाऊक नसते. तो विवेक गाडी रचणाऱ्याने ठेवावयाचा असतो.

सीमापेटीची मापे भौतिक फाइलीतील मापांशी जुळती ठेवणे आवश्यक असते. मूळ अनुकारकात सीमापेटी लांबीने मोठी ठेवल्यास वाहने एकमेकांस भिडण्यापूर्वीच टक्कर झाल्याचा समज होतो. फार लहान ठेवल्यास ती एकमेकांत शिरतात. ओपन रेल्समध्ये वाहनाची लांबी भौतिक फाइलीतील आकड्यावरून घेतली जाते. त्यामुळे मूळ अनुकारकात सीमापेटी बदलून कशीबशी सावरलेली गाडी ओपन रेल्समध्ये पुन्हा बिघडलेली दिसू शकते. दोन्ही ठिकाणी खरी लांबी नोंदणे, हाच यावरील टिकाऊ उपाय होय. ट्रेन्झमध्ये हेच काम आकृतीत पुढे व मागे ठेवलेल्या दोन सीमाबिंदूंनी होते. रेल सिम्युलेटरच्या परंपरेत टक्कर-पेटीची लांबी आणि कपलिंगचे बिंदू स्वतंत्रपणे नोंदले जातात. पद्धती वेगवेगळ्या असल्या, तरी सर्वत्र प्रश्न एकच असतो : वाहन कोठे संपते?

आदिबिंदूचे स्थान : लांबी बरोबर असूनही अंतर चुकण्याचे एक कारण म्हणजे आकृतीचा आदिबिंदू बरोबर मध्यावर नसणे. समजा, आकृती आदिबिंदूपासून १० सेंमी. पुढे सरकली आहे. सर्व डबे एकाच दिशेस तोंड करून असतील, तर प्रत्येक डबा सारखाच पुढे सरकतो व सांध्यांतील अंतरे बिनचूक दिसतात. एखादा डबा उलटा फिरविताच मात्र त्याच्या एका टोकाशी २० सेंमी. चे अतिक्रमण व दुसऱ्या टोकाशी २० सेंमी. ची पोकळी दिसते. म्हणून नव्या वाहनाची तपासणी ते उलटे जोडून केल्याखेरीज पुरी झाली, असे मानता येत नाही.

स्प्रिंग, अवमंदन व भंगबल : अनुकारकात कपलिंग ही दोन वस्तुमानांमधील स्प्रिंग मानली जाते. तिच्या ताठरतेचे एकक न्यूटन प्रती मीटर असते. ताठरता कमी असल्यास गाडी रबरासारखी ताणली जाते. ती अवाजवी असल्यास गणन अस्थिर होते. या दोहोंतील मर्यादा पुढील उदाहरणावरून स्पष्ट होतील.

भरलेल्या बॉक्सएन वाघिणीचे एकूण वजन ८१·२८ टन धरले, तर ५८ वाघिणींचे वजन सु. ४,७१४ टन होते. १ : १०० या चढावर केवळ गुरुत्वाकर्षणामुळे मागे खेचणारे बल सु. ४·६२ लक्ष न्यूटन येते. हे सर्व बल एंजिनामागील पहिल्या कपलिंगवर पडते; मागे जावे तसतसे ते कमी होते व गाडीच्या मध्यावर ते निम्मे राहते. कपलिंगची ताठरता १० लक्ष न्यूटन प्रती मीटर ठेवल्यास पहिला सांधा सु. ४६ सेंमी. ताणला जाईल व पडद्यावर कपलिंग सुटल्यासारखे दिसेल. ताठरता ५० लक्ष केल्यास ताण सु. ९ सेंमी. वर येतो व तो खटकत नाही.

मग ताठरता कितीही वाढवावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संगणक गाडीची गती सलग मोजत नाही. तो ती लहान लहान कालखंडांत पायरीपायरीने मोजतो. साध्या पायरीवार गणनेत एकसारख्या वाहनांच्या लांब साखळीसाठी हा कालखंड वाहनाच्या वस्तुमानास ताठरतेने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमूळापेक्षा लहान असावा लागतो. रिकाम्या बॉक्सएन वाघिणीचे वस्तुमान २२·४७ टन धरल्यास १० लक्ष ताठरतेसाठी ही मर्यादा ०·१५ सेकंद, ५० लक्षासाठी ०·०६७ सेकंद व १०० कोटींसाठी केवळ ०·००४७ सेकंद येते. सेकंदाला ३० चित्रे दाखविणारा संगणक प्रत्येक चित्रास एकदाच गणन करीत असेल, तर त्याचा कालखंड ०·०३३ सेकंद असतो. म्हणजे पहिल्या दोन किंमती सुरक्षित, तर तिसरी घातक ठरते. तिसऱ्या किंमतीत प्रत्येक पायरीला चूक वाढत जाऊन डबे थरथरतात, उसळतात व अखेरीस गाडी तुटते. रिकाम्या गाडीत हा दोष आधी दिसतो, कारण तिचे वस्तुमान कमी असते. काही आज्ञावलींत सर्व सांध्यांची बले एकत्रित समीकरणे सोडवून काढतात. तेथे ही मर्यादा इतकी कडक नसते. तरीही अवास्तव आकडे टाळणेच श्रेयस्कर असते.

अवमंदनामुळे स्प्रिंगची आंदोलने शमतात. ते अपुरे असल्यास गाडी थांबल्यानंतरही डबे पुढे-मागे हेलकावत राहतात. अतिरेकी असल्यास सांधे ताठ होतात आणि सुटताना एकामागून एक डबा हलण्याचा मालगाडीचा वास्तव आविष्कार नाहीसा होतो. कपलिंगची ढिलाई याच्याशी निगडित आहे. मालगाडीत थोडी ढिलाई असल्याने एंजिनास सर्व वाघिणी एकदम ओढाव्या लागत नाहीत. स्क्रू कपलिंग घट्ट आवळलेल्या प्रवासी गाडीत ती जवळजवळ नसते. म्हणून वाघिणीसाठीचे आकडे प्रवासी डब्यास जसेच्या तसे लावल्यास प्रवासी गाडी मालगाडीसारखे हिसके देऊ लागते.

भंगबल म्हणजे ज्या ताणास कपलिंग तुटते ते बल. वरील मालगाडीसाठी ते ४ लक्ष न्यूटन ठेवल्यास चढावर उभी असलेली गाडी सुटण्यापूर्वीच तुटेल. ते अवाजवी ठेवल्यास गाडी कशीही हाकली तरी तुटणार नाही आणि चालकाच्या कौशल्यास अर्थ उरणार नाही. ओपन रेल्समध्ये कपलिंग तुटण्याची शक्यता चालू वा बंद करण्याची सोय ठेवली आहे. मात्र ती बंद करून दोष झाकण्यापेक्षा आकडा सुधारणे इष्ट होय.

बफर व ढकलबल : ओढणाऱ्या बलाइतकेच ढकलणारे बलही विचारात घ्यावे लागते. मध्य रेल्वेवरील बोर घाटात कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना १ : ३७ इतका तीव्र चढ आहे; तेथे गाडीच्या मागे जादा एंजिने लावून ती ढकलतात. ८०० टन वजनाच्या गाडीस या चढावर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सु. २·१२ लक्ष न्यूटन बल लागते. त्याचा काही भाग पुढील व काही भाग मागील एंजिने पुरवितात. परिणामी गाडीच्या पुढील भागातील कपलिंग ताणलेले व मागील भागातील बफर दाबलेले असतात. मध्ये कोठेतरी बल शून्य होते. बफरची ताठरता फार कमी नोंदली असेल, तर मागील डबे घाटात एकमेकांत घुसतात, जरी सपाट मार्गावर तीच गाडी निर्दोष दिसली असली तरी. यामुळे बोर घाटासारखा मार्ग हा जोडणीची उत्तम कसोटी ठरतो.

वक्रमार्ग : वक्रमार्गावर डब्याचे स्थान त्याच्या दोन बोगींवरून ठरते. मायक्रोसॉफ्टच्या अनुकारकात बोगी व चाके ही आकृतीतील स्वतंत्र अंगे असून त्यांची नावे ठरलेली असतात. नाव चुकल्यास अनुकारक ते अंग ओळखत नाही. डबा फळीसारखा ताठ राहून वक्रावर भलत्याच बाजूस झुकतो. आयसीएफ डब्याच्या दोन बोगींच्या मध्यांतील अंतर १४·७८३ मी. असते. भारतातील रुंदमापी मार्गावरील सर्वांत तीव्र, म्हणजे १७५ मी. त्रिज्येच्या, वक्रावर या डब्याची टोके मार्गाच्या मध्यरेषेच्या बाहेर बोगींच्या मानाने सु. १७ सेंमी. सरकतात. लगतच्या दोन्ही डब्यांची टोके एकाच बाजूस सरकत असल्याने साध्या वक्रावर ती समोरासमोर राहतात. उलटसुलट वक्रावर मात्र ती विरुद्ध बाजूंस जाऊन सु. ३४ सेंमी. चा फरक पडू शकतो. हा वास्तव परिणाम असून तो दोष समजून लांबी बदलणे चुकीचे होय.

कपलिंगनंतरची जोडणी : दोन वाहने यांत्रिक दृष्ट्या जोडली गेली, तरी ब्रेकची नळी जोडून तिचे कोपऱ्यावरील झडप उघडल्याखेरीज गाडी पूर्ण होत नाही. ओपन रेल्समध्ये या क्रियाही कराव्या लागतात. वाहनाच्या फाइलीत ब्रेकची पद्धत हवेच्या दाबाची, निर्वाताची की अन्य आहे, हे नोंदलेले असते. निर्वात ब्रेकची जुनी वाघिण दाबहवेच्या एंजिनास जोडल्यास ती ओढली जाते. पण तिला ब्रेक लागत नाही. शंटिंगच्या वेळी वेगाचीही मर्यादा पाळावी लागते. उभ्या डब्यावर माणसाच्या चालीपेक्षा जलद गतीने एंजिन नेल्यास जोडणीऐवजी टक्कर होते. जोडणीत दोष नसतानाही नवशिक्यास तो आहे असे वाटते, ते पुष्कळदा या कारणाने.

तपासणीचा क्रम : नवे वाहन इतरांस वापरावयास देण्यापूर्वी त्याची तपासणी पुढील क्रमाने करणे सोयीचे असते. प्रथम त्याच प्रकारची दोन वाहने सपाट, सरळ मार्गावर जोडून सांध्यातील अंतर पाहतात. नंतर त्यांतील एक उलटे फिरवितात. तिसऱ्या पायरीत वाहन अन्य रचनाकाराच्या वाहनास व एंजिनास जोडतात. त्यानंतर लांब गाडी रचून चढावर उभी करतात, सुरू करतात आणि थांबवितात. रिकामी व भरलेली अशा दोन्ही अवस्थांत ती चालवून पाहतात. अखेरीस तीव्र वक्रावर, मागून ढकलत आणि शंटिंगच्या वेळी जोडून-सोडून पाहतात. एका वेळी एकच आकडा बदलणे व मूळ फाइलीची प्रत जपून ठेवणे, हे दोन नियम पाळल्यास दोषाचे कारण निश्चित करता येते. लांबी, ताठरता व भंगबल एकदम बदलणाऱ्यास दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या वाहनात तोच दोष पुन्हा येतो.

मानकीकरण व महत्त्व : अनुकारकातील वाहने बहुतांशी वेगवेगळ्या देशांतील, एकमेकांस न ओळखणाऱ्या हौशी लोकांनी विनामोबदला रचलेली असतात. एकाने रचलेले एंजिन, दुसऱ्याने रचलेले डबे आणि तिसऱ्याने रचलेला मार्ग एकत्र चालावयाचा, तर सर्वांनी लांबी एकाच पद्धतीने मोजली पाहिजे व बलांचे आकडे वास्तवाला धरून दिले पाहिजेत. एखाद्याने आपल्या डब्यातील चूक लपविण्यासाठी कपलिंगचे अंतर ऋण ठेवले, तर त्याचे डबे आपापसांत जुळतात. पण इतर कोणाच्याही डब्यांशी जुळत नाहीत. प्रत्यक्ष रेल्वेला कपलिंगचे मानक ठरविण्याची जी निकड भासली, तीच येथे लहान प्रमाणावर भासते. एका कंपनीचा डबा दुसरीच्या मार्गावर जाऊ लागला, तेव्हा बफरची उंची व कपलिंगचा आकार हे खाजगी निर्णय राहिले नाहीत.

या खटाटोपाला करमणुकीपलीकडचे मोलही आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही ७६२ मिमी. मापाची होती, पुढे तो मार्ग रुंदमापी झाला. अशा मार्गांवरील गाड्या आता प्रत्यक्ष पाहता येत नाहीत. नकाशे, छायाचित्रे आणि संग्रहालयांतील अवशेष यांवरून वाहनाची आकृती उभी करता येते. परंतु तिची लांबी, वजन व जोडणी यांचे खरे आकडे नोंदले, तरच ती गाडी कशी सुटे, चढावर किती ओढे आणि कोठे अडे, हे पुढील पिढीस समजू शकते. चुकीच्या आकड्यांवर चालणारी गाडी पाहणाऱ्यास खोटीच माहिती देते, आणि मूळ गाडी नाहीशी झालेली असल्याने ती पडताळून पाहण्याचे साधनही उरत नाही. म्हणून मोजमापांचा आधार वाहनासोबतच्या टिपणात नमूद करण्याची प्रथा चांगल्या रचनाकारांनी पाडली आहे.